'उगाच वाद नको' : कारण की पळवाट?

२०२५च्या फेब्रुवारीत आपल्या मंडळाने 'छावा'चा एक अख्खा खेळ राखून घेतला होता, हे सभासदांना आठवत असेलच. दोन दिवसांत तिकिटे संपली. मुलांच्या डोक्याला भगवे फेटे, बायका नऊवारीत, मध्यंतरात बटाटेवडे आणि चहा. शेवटच्या प्रसंगात माझ्या शेजारचे ऐंशी ओलांडलेले काका हुंदके देऊन रडले. मीही रडलो. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचे टाळले, इतकी लाज वाटत होती रडल्याची. त्या दिवशी मंडळाचा सभासद असल्याचा मला अभिमान वाटला, हे आधीच नमूद करतो. नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणायचे, याला मंडळाचे काहीच चांगले दिसत नाही.

पुढे दोन महिन्यांनी 'फुले' हा हिंदी चित्रपट लागला. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या आयुष्यावरचा. मी कार्यकारिणीला रीतसर पत्र लिहिले : 'छावा'सारखाच एक खेळ घ्यावा, अख्खा नको तर अर्धा घ्यावा, पन्नास तिकिटे खपवायची जबाबदारी माझी. त्या विषयावर बैठकीत दहा मिनिटेसुद्धा चर्चा झाली नाही. कोणी चित्रपट वाईट आहे म्हटले नाही, तिकीट महाग आहे म्हटले नाही, तारीख सोयीची नाही म्हटले नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "विषय चांगला आहे हो, पण उगाच वाद नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मतदान नाही, इतिवृत्तात नोंद नाही. पुढचा विषय : कोजागिरीचे दूध.

हा लेख त्या तीन शब्दांविषयी आहे.

वाद होता, हे खरे. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, चित्रपट यायचा होता. झलक पाहून महाराष्ट्रातल्या काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. सेन्सॉर मंडळाने लहानथोर सर्वांना पाहता येईल असे 'यू' प्रमाणपत्र दिले, पण त्याआधी काही जातींची नावे आणि 'पेशवाई' हा शब्द काढायला लावला. 'तीन हजार वर्षांची गुलामी' या अर्थाचे वाक्य होते, तिथे 'कित्येक वर्षांची' असे करायला लावले. मग २५ एप्रिलला चित्रपट आला. म्हणजे आपल्या कार्यकारिणीपुढे पत्र आले तेव्हा चित्रपट सरकारी चाळणीतून दोनदा गाळून निघालेला होता. तरी आपल्याला तो तिखट वाटला.

बरे, वाद नको हेच खरे कारण असेल तर 'छावा' कसा चालला? त्यावर काय कमी वाद झाला? महाराज लेझीम खेळतात या प्रसंगावरून झलक आल्या आल्या गदारोळ झाला आणि तो प्रसंग कापला गेला. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवले म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी उघड आक्षेप घेतला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. बडोद्यात शिर्के मंडळी काय थोडी आहेत? पण कार्यकारिणीत कोणी म्हटले नाही की शिर्क्यांना वाईट वाटेल, उगाच वाद नको. तेव्हा वादाची आपल्याला ॲलर्जी आहे, हे काही पटत नाही. काही वाद आपल्याला चालतात, काही चालत नाहीत. कोणते चालतात ते पाहू.

मला दिसलेला हिशेब सरळ आहे. चित्रपटात अत्याचार करणारा परका असला की तो इतिहास. अत्याचार करणारा घरचा असला की तो वाद. औरंगजेब परका, म्हणून 'छावा'ला फेटे बांधून जायचे. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारे आपल्या आडनावांचे होते, म्हणून 'फुले'च्या वेळी कोजागिरीचे दूध.

हे आपण एकटेच करतो असे नाही. ज्या राज्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या राज्याने आपल्याला याचे चांगले वळण लावले आहे. २००६ साली आमिर खान यांनी नर्मदेच्या विस्थापितांचे आधी पुनर्वसन करा असे म्हटले, तर गुजरातेतल्या चित्रपटगृहांनी त्यांचा 'फना' लावला नाही. त्या चित्रपटात नर्मदेचा थेंबही नव्हता. २००७ साली राहुल ढोलकिया यांचा 'परझानिया' आला. २८ फेब्रुवारी २००२ रोजी अहमदाबादच्या गुलबर्ग सोसायटीत ६९ माणसे मारली गेली, त्या दिवसात मुलगा हरवलेल्या एका पारशी कुटुंबाची ती गोष्ट. ढोलकियांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा आणि सारिका यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साऱ्या देशाने तो पाहिला. ज्या राज्यात ते घडले तिथल्या चित्रपटगृहांनी लावायचे नाकारले. २०१८ साली 'पद्मावत'वरची राज्यांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली, तरी गुजरातेतल्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी भीतीने तो लावलाच नाही. आणि २०२४ साली 'द साबरमती रिपोर्ट' आला तेव्हा राज्य सरकारने तो करमुक्त केला.

गैरसमज नको. 'साबरमती रिपोर्ट' लागला हे योग्यच झाले. २७ फेब्रुवारी २००२ला गोध्र्याला गाडीच्या डब्यात ५९ माणसे गेली. त्यांच्या घरच्यांचे दुःख पडद्यावर यायलाच हवे. माझे म्हणणे एवढेच की त्यानंतर जे झाले, त्यांतल्या मेलेल्यांचेही यायला हवे. आपल्याच शहरात १ मार्चला बेस्ट बेकरीत १४ जीव गेले. ते बडोदेकर नव्हते का? एका जखमेला करमाफी आणि दुसऱ्या जखमेला टाळे, हा न्याय नव्हे. आणि २००७ साली आपल्या मंडळाने, आपल्या या पत्रिकेने, 'परझानिया' का लागत नाही असा एका ओळीचा तरी प्रश्न विचारला होता का? नाही. मीही विचारला नाही. मी मुंबईला मेहुण्यांकडे गेलो तेव्हा पाहून आलो आणि इथे कोणाला सांगितले नाही. उगाच वाद नको म्हणून.

आता 'फुले'कडे परत येतो, कारण तिथे आपली लाज दुप्पट आहे.

जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा केला. त्याच्या उपोद्घातात त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की हा ग्रंथ बडोद्याला श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातून वेळ काढून त्यांच्याकडून वाचवून घेतला, मोठ्या आवडीने लक्षपूर्वक ऐकला, पैशाची मदत केली आणि सन्मान केला. महाराजांचे वय तेव्हा अवघे विशीचे. त्या ग्रंथात गोडगोड काही नाही. भटशाहीवर, सरकारी अंमलदारांवर, शेतकऱ्याला नाडणाऱ्या प्रत्येकावर त्यात कोरडे आहेत. महाराजांच्या पदरी दिवाण, कारभारी, शास्त्री होते. 'महाराज, उगाच वाद नको' असे म्हणणारा त्यांच्यातही कोणी असेलच. महाराजांनी ऐकले जोतीरावांचे. पुढे १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी सुरू केले. तो असूड कोणत्या कानांवर पडला होता ते आठवून पाहा.

आपण उठल्यासुटल्या सयाजीरावांचे नाव घेतो. मंडळाच्या सभागृहात त्यांची तसबीर आहे, दर कार्यक्रमाला तिला हार असतो. ज्या महाराजांनी जोतीरावांना समोर बसवून अख्खा ग्रंथ ऐकला, त्यांच्या तसबिरीखाली बसून आपण जोतीरावांवरचा दोन-सव्वादोन तासांचा चित्रपट नाकारला. तो हार आता कोणत्या तोंडाने घालायचा?

याच शहरातली दुसरी गोष्ट. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले भीमराव आंबेडकर करारानुसार १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. एका हिंदू मित्राकडे गेले, तो म्हणाला, तुला घेतले तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राकडेही सोय झाली नाही. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. कचेरीतले शिपाई कागदांचे गठ्ठे त्यांच्या टेबलावर लांबून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे.

आता सांगा, दरबारच्या कचेऱ्यांत त्या काळी आपल्या मंडळींचा केवढा भरणा होता, हे आपण एरवी किती छाती फुगवून सांगतो? पणजोबा हुजूर कचेरीत, खापरपणजोबा खासगीत. मानाचे तेवढे वारसाहक्काने आपले, आणि ते लांबून टाकलेले गठ्ठे मात्र कोणाचेच नाहीत? कमाटीबागेत आपल्यातले कितीतरी जण रोज सकाळी फिरायला जातात. एक बारा इयत्ता नव्हे, दोन खंडांत शिकून आलेला माणूस तिथे डोके धरून बसला होता, हे नातवंडांना कितीजणांनी सांगितले आहे?

दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याआधी माझे घर सांगतो.

माझ्या वडिलांची एक आत्या होती. आम्ही तिला ताईआजी म्हणायचो. महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला. तो चुकवायला आमच्या घरच्यांनी वऱ्हाड संस्थानच्या हद्दीबाहेर, साताऱ्याकडे नेले आणि नवव्या वर्षी तिचे लग्न लावून आणले. अकराव्या वर्षी ती परत आली ती कायमची. केस काढले, लाल आलवण आले. पुढची साठ वर्षे तिने दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या खोलीत काढली. सगळ्या बाळंतपणांचे डिंकाचे लाडू तिने केले, सगळ्या मुंजींचा स्वयंपाक तिने केला, पण एकाही मंगलकार्यात ती पुढे आली नाही. आमच्याकडे जुने फोटो पेटीभर आहेत. त्यांतल्या एकातही ताईआजी नाही. एका लग्नाच्या फोटोत दाराच्या फटीत आलवणाचा काठ दिसतो; तीच ती असावी असे आई म्हणायची.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते कोणासाठी? अशाच, आपल्या घरांतल्या, फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. १८७४ साली त्यांनी मुलगा दत्तक घेतला तो एका ब्राह्मण विधवेचा. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. जे काम आमच्या वाड्याने करायला हवे होते ते त्या माळ्याच्या घराने केले. म्हणून 'फुले' हा माझ्या विरुद्धचा चित्रपट आहे असे मला वाटत नाही. तो ताईआजीच्या बाजूचा आहे. ज्यांना तो ब्राह्मणांच्या विरुद्ध वाटतो त्यांनी आपल्या वाड्याच्या मागच्या खोलीत कोण राहत होते ते आधी आठवावे. शिवाय ज्या भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली तो तात्यासाहेब भिड्यांचा होता, हेही आठवावे. शेण फेकणारेही आपले आणि वाडा देणारेही आपले. यांतल्या कोणाचे वारस व्हायचे, हे आज आपल्या हातात आहे.

आता नेहमीचे तीन आक्षेप.

पहिला : चित्रपटवाले इतिहासाची मोडतोड करतात. करतात की. पैशासाठी करतात, मतांसाठी करतात, टाळ्यांसाठी करतात. 'द केरला स्टोरी'ने ३२,००० मुलींचा आकडा फिरवला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर निर्मात्यांना कबूल करावे लागले की या आकड्याला आधार नाही, आणि तशी सूचना चित्रपटाच्या आरंभी घालावी लागली. पण त्याच न्यायालयाने त्या चित्रपटावरची पश्चिम बंगालची बंदीही उठवली. मला दोन्ही गोष्टी पटतात. खोट्या चित्रपटाला उत्तर म्हणजे कागदपत्रांनिशी उघड चर्चा. बंदीने खोटे मरत नाही, उलट हुतात्मा होते. आणि 'फुले'त मोडतोड आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पाहून मग सांगावे. न पाहता मोडतोड कळणारे तज्ज्ञ आपल्याकडे फार झाले आहेत.

दुसरा : आपण परमुलखात, संख्येने थोडे, आपली धुणी चारचौघांत कशाला धुवायची? परमुलूख कसला? १७३४ पासून हे शहर गायकवाडांकडे होते, आपल्यातली काही घराणी तेव्हापासूनची. पावणेतीनशेहून अधिक वर्षे राहून स्वतःला पाहुणे म्हणवणे हा विनय नव्हे, जबाबदारी टाळण्याची युक्ती आहे. आणि गंमत पाहा, जोतीरावांची भूमिका करणारे प्रतीक गांधी हे सुरतेचे गुजराती. त्यांना आपले जोतीराव परके वाटले नाहीत.

तिसरा : गोंधळ झाला तर? दगड आला तर? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर देतो. १९८९ साली आरक्षणाच्या विषयावरच्या एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे सरकारने अभिव्यक्तीचा गळा दाबणे म्हणजे दमदाटीला शरण जाणे होय. संरक्षण देणे हे सरकारचे काम. तेव्हा पोलिसांत अर्ज द्यावा, दाराशी चार तरुण उभे करावेत. गणपतीच्या मिरवणुकीला आपण हेच करतो. तिथे गोंधळाच्या भीतीने मिरवणूक रद्द केल्याचे माझ्या आठवणीत नाही. आणि खरे सांगायचे तर 'फुले'ला दगड बाहेरून येणार नव्हता. भीती होती ती एवढीच की आपल्यातली दहा घरे रुसतील, देणगी आखडती घेतील. तसे असेल तर तसे म्हणा. 'वाद नको' म्हणू नका, 'देणगी हवी' म्हणा. त्यात निदान खरेपणा तरी आहे.

आपल्या आधीच्या पिढ्या इतक्या भित्र्या नव्हत्या. १९३७ साली प्रभातचा 'कुंकू' आला. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्या लग्नाला मानायचे नाकारते, अशी ती गोष्ट. तेव्हाच्या प्रेक्षागृहात असे बिजवर आणि अशा मुली दोन्ही बसलेल्या असणार. तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला. १९५४ साली आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला. अत्रे सासवडचे देशस्थ. मुहूर्ताला बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले तेव्हा ते पेशवाईची आणि ब्राह्मणांची बदनामी म्हणून बंद पाडायला लोक निघाले. आज तेच नाटक आपण मराठी रंगभूमीचे भूषण म्हणून परप्रांतीयांना अभिमानाने सांगतो. म्हणजे ज्याला आज आपण वाद म्हणतो, तोच उद्या आपला वारसा ठरतो. आपण फक्त पन्नास वर्षे उशिरा पोचतो, आणि पोचलो की पहिल्या रांगेत बसतो.

कार्यकारिणीवर माझा व्यक्तिशः राग नाही. त्यातले निम्मे माझ्या शाळासोबतीचे आहेत, ज्यांनी 'वाद नको' म्हटले त्या ज्येष्ठांच्या पाया मी दर दसऱ्याला पडतो, यापुढेही पडेन. पण येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे, ते आताच सांगून ठेवतो.

एक : मंडळाच्या सभागृहात 'फुले'चा खेळ रीतसर परवानगी घेऊन लावावा. नंतर तासभर चर्चा ठेवावी आणि ज्यांचा चित्रपटाला विरोध आहे त्यांना पहिली दहा मिनिटे बोलायला द्यावीत. मी शेवटी बोलेन, वेळ उरला तर.

दोन : यापुढे कोणताही चित्रपट, नाटक वा व्याख्यान नाकारताना कार्यकारिणीने कारण इतिवृत्तात लिहावे, आणि 'वाद नको' हे कारण धरले जाऊ नये. कोणाशी वाद, कशावरून वाद, कोणाला काय खुपते, ते स्पष्ट शब्दांत लिहावे. कागदावर लिहायची वेळ आली की बऱ्याच कारणांची हवा जाते, असा माझा चाळीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव आहे.

ठराव पडले तरी हरकत नाही. पडलेले ठरावही इतिवृत्तात राहतात. सभेला येताना आपापल्या घरातली जुन्या फोटोंची पेटी एकदा उघडून या, एवढीच सभासदांना विनंती. कोण दिसते ते पाहा आणि कोण दिसत नाही तेही मोजा. मग हात वर करा, नाहीतर करू नका.